जुन्याच वायरी

गल्लीत त्यांना सगळे वॅटमास्तर म्हणत. कुणी कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आलं, की मास्तर आधी कागद ओढत. प्रोसेसर किती वॅट खाणार, ग्राफिक्स कार्ड किती, डिस्क आणि पंखे किती, हे एकाखाली एक मांडायचं, बेरजेवर निम्मी वाढ धरायची आणि मग पॉवर सप्लाय ठरवायचा. रंगीत दिव्यांच्या खोक्यावर भाळलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणत, "चेहरा मागाहून बघू, आधी काळीज बघू." दुसरा अभिमान वायरींचा. त्यांनी बांधलेल्या वायरी विंचरलेल्या केसांसारख्या दिसत.

त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, बावीस वर्षं रानातल्या वनस्पतींची चित्रं काढली होती. कागदांना वाळवी लागली तेव्हा तिने ती स्कॅन केली आणि मास्तरांनी तिच्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवली; एका डिस्कवर मूळ, दुसरीवर प्रत. आता ताईची नजर पार अधू झाली होती. होतं ते सगळं त्या दोन डिस्कांत.

तो कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. मास्तरांनी नव्याने बेरीज केली आणि चांगल्यातला चांगला पॉवर सप्लाय आणला. जुना वायरींपासून सुटा करून काढला, पण त्याच्या डिस्कपर्यंत गेलेल्या वायरी इतक्या सुबक बांधलेल्या होत्या, की त्या सोडवायला हात धजावेना. जुन्या सप्लायची वायर नव्याला लावू नये, आतली जुळणी कंपनीगणिक वेगळी असते, हे ते दहा जणांना बजावत आले होते. पण टोक नव्या खाचेत चपखल बसलं, आणि चपखल बसलेल्या गोष्टीवर मास्तरांचा फार विश्वास. कळ दाबली. करपल्याचा वास आला. दोन्ही डिस्का त्या एकाच वायरीवर होत्या.

बिघडलेल्या डिस्कांतलं परत काढून देणाऱ्याकडे त्यांनी त्या धाडल्या; तीन आठवड्यांनी त्याने त्या परत पाठवल्या. काहीच उरलं नव्हतं. पॉवर सप्लाय ठणठणीत होता.

मास्तर ताईकडे गेले आणि सरळ सांगून टाकलं.

"तू तर बेरजेत कधी चुकत नाहीस," ताई म्हणाली.

"बेरीज बरोबरच होती. वायरी जुन्या ठेवल्या. माझ्याच हाताने झालं, ताई."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले.

"मला आता सगळी आठवत नाहीत रे. इतकी वर्षं तू सांभाळलीस ना? सांग की, कशी होती."

चित्रं सहाशे बारा होती, हे मास्तरांना पाठ होतं. तीन कॉम्प्युटरांतून त्यांनी ती हलवली होती, दर खेपेला मोजून घेतली होती. उघडून एकही पाहिलं नव्हतं.

"बरीचशी पिवळी होती," ते चाचरत म्हणाले. "पिवळी फुलं."

ताईने डोळे उघडले.

"मी रंग कधी वापरलाच नाही," ती म्हणाली. "सगळी पेन्सिलीची होती."