नेवेन्काचा सुट्टीचा शनिवार

बेतिना गावाच्या धक्क्यावर नेवेन्का बावीस वर्षं शिडाच्या नौका सांभाळत होती. नौका भाड्याने देणारी कंपनी झाग्रेबच्या एका मालकाची. तो उन्हाळ्यात एकदा यायचा, "सगळं ठीक ना?" असं विचारायचा, मासे खायचा आणि परत जायचा. बाकीचं नेवेन्का बघायची.

बाकीचं म्हणजे शनिवार. सकाळी नऊला अकरा नौकांवरून आठवडाभर भटकून आलेले पाहुणे उतरायचे आणि संध्याकाळी पाचला नवे चढायचे. मधल्या आठ तासांत पाणबुड्याने नौकांचे तळ तपासायचे, बायकांनी घासूनपुसून चादरी बदलायच्या, इंजिनं बघायची, पाण्याच्या टाक्या भरायच्या. उतरताना एखादा पाहुणा गरजेपेक्षा जास्त हसला, की नेवेन्का पाणबुड्याला म्हणायची, "याची आधी बघ." बावीस वर्षांत तिचा अंदाज दोनदाच चुकला. दोन्ही वेळा पाहुण्याचं नुकतंच लग्न झालेलं होतं.

तिची खरी डोकेदुखी मात्र पाहुणे नव्हते. मेकॅनिक रोको आणि सफाईची मुकादम स्लाविका ही सख्खी भावंडं, आणि नऊ वर्षं त्यांच्यात शब्द नव्हता. वडील गेल्यावर ऑलिव्हच्या बागेची वाटणी झाली, मधली दगडी भिंत रोकोने नव्याने रचली आणि ती वीतभर आपल्या हद्दीत सरकली, असं स्लाविकाचं म्हणणं. दोघंही कामात वाघ. त्यामुळे नेवेन्का रोज एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायची, मग ती दोघं एकाच नौकेत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली का असेनात.

"नेवेन्का, त्या बाईला सांग, इंजिनाच्या झाकणावर गाद्या रचू नकोस."

"ऐकलं मी. त्याला म्हणावं, तेलकट हात पडद्याला पुसू नकोस."

"अगं, तू ऐकलंस, त्याने ऐकलं, मग मी कशाला उभी आहे?"

यावर दोघंही नेवेन्काकडेच बघायची. तिचंच काहीतरी चुकल्यासारखं.

अशात तिच्या मुलीचं, लुत्सियाचं, लग्न ठरलं. नवरामुलगा तेलवाहू जहाजावर होता, जूनअखेर त्याची रजा संपत होती. पाद्र्याकडे एकच दिवस मोकळा होता. शनिवार, दुपारी चार.

"आई, माझ्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला तू कमरेला वायरलेस लावून दाराशी उभी होतीस," लुत्सिया म्हणाली.

"आवाज बारीक केला होता मी."

"गालेब नौकेचा नांगर अडकलाय, हे सगळ्या चर्चने ऐकलं. या वेळी पहिल्या बाकावर बसायचं. आणि शेवटपर्यंत बसायचं."

"बसेन."

"शब्द दे."

नेवेन्काने शब्द दिला. बावीस वर्षांत पाहुण्यांना तिने पुष्कळ शब्द दिले होते. मुलीला बहुधा हा पहिलाच.

लग्नाच्या शनिवारी एक वाजता तिने भावंडांना समोरासमोर उभं केलं. दोघांना लग्नाच्या रिवाजाप्रमाणे कपड्यावर टाचायला रोझमेरीची एकेक डहाळी दिली आणि म्हणाली, "कामं उरकून जेवायला या. आता मी निघाले. जे काही सांगायचं असेल, ते एकमेकांना सांगा."

"तिला सांग, मला काही सांगायचं नाहीये."

"त्याला म्हणावं, मलाही."

"मग प्रश्नच मिटला," नेवेन्का म्हणाली आणि केस धुवायला घरी गेली.

पुढचं तिला नंतर कळलं. साडेतीनला रोकोने 'गालेब'वर पाण्याच्या टाकीचा पाइप सोडवला आणि तो आवळायचा नवीन पट्टा आणायला तो वर्कशॉपमध्ये गेला. एरवी तो नेवेन्काला सांगायचा, "गालेबला पाणी भरू नका." आता नेवेन्का नव्हती, म्हणून त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. चार वाजून गेल्यावर स्लाविकाने शिरस्त्याप्रमाणे गालेबच्या टाकीत नळी घातली आणि नळ पूर्ण सोडला. पाणी टाकीतून थेट नौकेच्या पोटात जाऊ लागलं.

चर्चमध्ये नेवेन्काची पर्स आतल्या फोनने थरथरू लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"पर्स बडबडतेय तुझी," नवरा क्रस्ते कुजबुजला.

"बडबडू दे."

चर्च टेकडीवर, धक्का खाली. उतार आहे, चार मिनिटांत पोचता येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाचला पाहुणे येणार. तिचा उजवा पाय बाकाबाहेर निघालासुद्धा. तेवढ्यात लुत्सियाने मान वळवली. तिने आईकडे नाही, त्या पायाकडे पाहिलं. नेवेन्काने पाय आत घेतला. पर्स उचलली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

उकाड्यामुळे दारं सताड उघडी होती. पाद्र्याने लुत्सियाला विचारायचं ते विचारलं आणि खालून, धक्क्यावरून, आवाज आला:

"स्लाविका! नळ बंद कर!"

मग बाईचा आवाज: "कोणाला सांगतोयस?"

"तुला! तुलाच सांगतोय, तुला!"

पाद्री थांबला. मागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं, "बोलला." एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. अर्धं चर्च दाराकडे बघत होतं, उरलेलं नेवेन्काकडे. ती समोर बघत राहिली. लुत्सियाने आईकडे एकदा पाहून घेतलं आणि मगच "हो" म्हणाली.

गालेबचे पाहुणे साडेसहाला चढले. तोवर स्लाविकाने त्यांना धक्क्यावर बसवून वाइन पाजली होती, आणि रोको नौकेतून बादल्यांनी पाणी उपसत होता. पाहुण्यांनी दोघांचेही फोटो काढले.

सातला भावंडं जेवायला आली. दोघांच्याही डहाळ्या जागेवर होत्या, रोकोची ओली होती. बसायला जागा उरली होती ती नेवेन्काच्या दोन्ही बाजूंना. रोकोने मासा चाखला.

"नेवेन्का, हिला सांग, मीठ दे."

"मी सुट्टीवर आहे," नेवेन्का म्हणाली.

रोकोने अर्धा मासा तसाच अळणी खाल्ला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "मीठ दे."

"आणि भिंत?"

"आधी मीठ."

स्लाविकाने मीठदाणी सरकवली. ती त्याच्या हाताच्या वीतभर अलीकडे थांबली.

नेवेन्काचा हात आपोआप पुढे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसली.