लिलीचा ओव्हरटाइम

झाडांना शिफ्टमध्ये कामाला लावणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो थेरगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. काका चाकणच्या एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण सुपरवायझरकी काही सुटली नाही. हाताखाली माणसं उरली नाहीत म्हणून त्यांनी निशिगंधाचे आणि लिलीचे कंद आणले. त्यांच्याकडे ऊन येतं दुपारनंतर, आमच्याकडे सकाळी. त्यामुळे रोज सकाळी बेल वाजते आणि कुंड्यांचा ट्रे घेऊन काका दारात हजर. "फर्स्ट शिफ्ट आलीय, खिडकी मोकळी कर!" माझा चहा, पेपर आणि वाळत घातलेले मोजे निमूट बाजूला होतात. एकदा निशिगंधाचा दांडा जरा कलला, तर काकांनी त्याला ओळंबा लावून पाहिला होता.

गेल्या पावसाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पलंग सुटेना. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या लाल लिलीला एकदा फूल आलेलं बघायचंय." झालं! काकांनी लिलीला ओव्हरटाइमवर घेतलं. सकाळी आमची खिडकी, दुपारी त्यांची, अंधार पडला की ट्यूबलाइट. वर खताचा मारा. पानं नुसती माजली, फुलाचा पत्ता नाही. काका पार हबकले. दिवसभर कुंडीवर वाकून बसायचे. शेवटी काकूच चिडल्या.

"आमच्या हिंगोलीकडं हळदीचं बेणंसुद्धा गप पडून असतंय, मगच फुटतंय. त्याला सुट्टी द्या की! आन् मला किती दिवस तुमची पाठच बघायला लावता?"

काका वरमले. पाणी तोडून कुंडी कपाटामागे ठेवली आणि रिकाम्या हातांनी काकूंची वेणी घालायला शिकले. पहिल्या वेण्या गाडीच्या वायरिंगसारख्या निघाल्या. काकू त्या तशाच मिरवायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लिली पुन्हा आमच्या खिडकीत आली आणि एका सकाळी लालभडक फुलली. मी धावतच समोर गेलो. "काका, चला लवकर, फूल आलं!"

काकू पाठमोऱ्या बसलेल्या, मागे काका, तोंडात रबरबँड. मान न वळवता म्हणाले, "थांब राव, वेणी सुटेल."

वेणी पुरी होईपर्यंत मी दारातच उभा राहिलो. फुलाचं काय, ते दोन-चार दिवस तरी थांबणार होतं.