बांधाखालची विहीर

अर्धापूरच्या शिवारात माझी केळी आहे. उताराला, बांधाखाली, एका काकूंची विहीर. नातं काही नाही, पण काकूच म्हणतो. काकू आणि त्यांची सून, दोघी त्याच विहिरीचं पाणी पितात.

पूर्वी मी दांडानं, म्हणजे मोकळ्या पाटानं, पाणी द्यायचो. दिवसभर माझ्या बोअरची मोटर चाले, बाग तुडुंब. लोक म्हणायचे, किती पाणी नासतोस! शेवटी ठिबक घेतलं. उपसा घटला. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या पडीक तुकड्यातही केळी लावली, तरी मोटर पूर्वीपेक्षा कमीच चाले. हे मी गावभर सांगत फिरलो.

पहिल्याच उन्हाळ्यात काकूंची विहीर तळाला गेली.

बांधाखालची लव्हाळी वाळलेली पाहिली तेव्हा मला कळलं. ज्याला आम्ही नासणं म्हणत होतो, ते पाणी मुरून काकूंच्या विहिरीत उतरत होतं. तेव्हा उपसायचो भरपूर, पण संपवायचो त्यातलं थोडंच. आता उपसतो कमी, आणि दोन्ही बागा ते सगळं पिऊन उन्हात उडवतात. खाली थेंब जात नाही.

काकूंनी विचारलं, तर म्हणालो, "पाऊसच न्हाई ना, काकू." दोन वर्षं हेच म्हणत राहिलो.

सून दोर धरून विहिरीत उतरायची, वाटीनं घागर भरायची. रोज सकाळी माझे कान तिकडेच. जरा आवाज थांबला की बांधापर्यंत जाऊन बघायचो. यंदाच्या चैत्रात एकदम किंचाळी आली. धावलो. दोर तुटला होता, ती कपारीला धरून लोंबकळत होती. नवा दोर टाकून वर घेतली. तिथंच काठावर काकूंना सगळं सांगून टाकलं.

काकूंनी तुटलेला दोर गुंडाळायला घेतला. "मग ती नवी बाग काढतोस?"

"घड उतरले की काढतो. दोनच महिने, काकू."

"तवर तू उतर की. तुझ्या वजनाला दोर टिकतो का, बघू."

सून तशातही हसली. मला हसता आलं नाही.

त्याच दिवशी नव्या बागेचा कॉक बंद केला. घड पोसलेच नाहीत. पण विहीर काही वर आली नाही. पाणी परत यायला किती दिवस लागतात, ठाऊक नाही. आता सकाळी मीच उतरतो, घागर भरतो आणि कपारीतला आटलेला झरा हातानं चाचपतो. काल पहिल्यांदाच बोटं ओली झाली, नुसती ओली.