बासरीत ओतलेली अर्धी बाटली

माझी थोरली बहीण अट्रॅक्टा बासरीच्या बाबतीत जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. स्लायगोच्या आमच्या भागात कोणाच्याही आजोबांची लाकडी बासरी माळ्यावरून खाली आली, की आधी आमच्या स्वयंपाकघरात यायची. अट्रॅक्टा तिचा एकेक तुकडा सुटा करायची, भोकं बोटांनी झाकायची, एक टोक गुडघ्यावर दाबून दुसऱ्या टोकाने हवा ओढायची. जीभ चिकटून राहिली तर लाकूड धड. सुटली तर कुठेतरी भेग. फादर केलिहर यांना त्यांच्या बासरीबद्दल तिने तोंडावर सांगितलं होतं, "फादर, थंडीत चुलीला बरी पडेल." फादर दोन रविवार आमच्याशी बोलले नाहीत.

फिंटन स्कॅनलनने मात्र कधी राग धरला नाही. साठी उलटलेला, बिनलग्नाचा. दर वसंतात लिलावातून एक भंगार बासरी आणायचा, गेल्या वर्षीपेक्षा वाईट. सलग अकरा वर्षं. अट्रॅक्टा म्हणायची, "वीस युरो, तेही नुसत्या खोक्याचे." आणि हा पठ्ठ्या खुशीत तीन कप चहा पिऊन जायचा. मला सगळं कळत होतं. तिला कळत होतं की नाही देव जाणे, पण तो यायचा त्या दिवशी ती केस धुवायची.

या वर्षी तो बापाची बासरी घेऊन आला. लंडनची, हस्तिदंती कड्यांची, गावातली सगळ्यात जुनी. अशी बासरी विकायची म्हणजे माणूस गाव सोडणार. त्याची बहीण त्याला बॉस्टनला बोलावतच होती. अट्रॅक्टाचा चेहरा उतरला. चार हजार म्हणाली तर हा निघालाच, आणि कमी सांगणं तिला जमणारं नव्हतं.

तिने हवा ओढली. जीभ घट्ट चिकटली. मग तिने नाक जवळ नेलं.

काळी बीअर! भेगाळलेल्या बासरीत बीअर ओतली की लाकूड फुगतं आणि तास-दोन तास भेग मिटते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. अट्रॅक्टाने तो तुकडा शेगडीच्या तापलेल्या दांडीवर ठेवला आणि किटली चढवली. चौथ्या कपाला 'टक्' असा आवाज आला आणि सुकलेल्या लाकडातली भेग उघडी पडली.

"दोनशे," ती जवळजवळ नाचतच म्हणाली. "बॉस्टनचं तिकीटसुद्धा यायचं नाही, फिंटन."

"कोण चाललंय बॉस्टनला?"

"मग विकतोस कशाला?"

"विकतंय कोण? तुझ्यासाठी आणलीय." त्याचे कान लालबुंद झाले. "भेगाळलेली हातात द्यायची लाज वाटली, म्हणून अर्धी बाटली ओतली. उरलेली मी प्यायलो. त्याशिवाय इथवर आलोच नसतो."

मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पळाले. सकाळीच टाकले होते, पण कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

रविवारी दुपारी पबमध्ये अट्रॅक्टाने तीच बासरी वाजवली. निम्मा सूर भेगेतूनच निसटत होता. शेजारी फिंटन नवा शर्ट घालून बसला होता. फादर केलिहर मुद्दाम जवळ आले.

"काय गं अट्रॅक्टा, लाकूड कसं आहे?"

"धडधाकट आहे, फादर. कुठून म्हणून हवा जात नाही."

मी अख्खं सँडविच तोंडात कोंबलं.