किताबवाली बुआ

माझी आत्या कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंज भागातल्या मराठी वाचनालयात ती दर शनिवारी जायची, कपाटासमोर उभ्या उभ्या पुस्तक काढून थेट शेवट उघडायची. गोष्टीतली मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली दिसली तरच पुस्तक घरी यायचं. "शेवटी रडतच बसायचं असेल तर तीनशे पानं कशाला वाचू?" असं ती ग्रंथपालांना विचारायची. मराठी पुस्तकं कमी पडली की ती स्टेशनवरच्या स्टॉलवरून हिंदी आणायची. आमच्या गल्लीत तिला सगळे किताबवाली बुआ म्हणत.

तिची आवड ठरलेली होती. लहान गावातली, कुणी खिजगणतीत न धरलेली एखादी मुलगी असावी, तिला मोठं काहीतरी व्हायचं असावं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवणारं एखादं मायेचं माणूस असावं. "प्रेम पाहिजे, पण रडकं नको," ती म्हणायची. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, फुटाणे खात, ती अशी पुस्तकं इतकी रंगून वाचायची की खालून आईने दोनदा हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. मध्येच मोठ्याने हसायची. मुलगी परीक्षेत पहिली आली, तिला नाही म्हणणाऱ्यांची तोंडं उतरली, की पुस्तकावर थाप मारून म्हणायची, "अब बोलो."

दुपारी गल्लीतल्या बायका पालक निवडायला ओट्यावर बसत, तेव्हा ती त्यांना गोष्ट सांगायची. मुलीला बक्षीस मिळालं, हे एका वाक्यात उरकायचं. तिला शिकू न देणारा काका त्या समारंभातून मागच्या दाराने कसा निघून गेला, हे सांगायला मात्र अर्धा तास लागायचा. काकाच्या कपाळावरचा घामसुद्धा ती वर्णन करायची. पुढे मी त्यातली काही पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं की हा घाम पुस्तकात नव्हताच.

आत्या वरच्या मजल्यावर राहायची, आम्ही खाली. बाबा तिचे थोरले भाऊ, सिंचाई विभागात नोकरीला. आत्या एका मुलींच्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तिने लग्न केलं नाही. एकाच घरात राहून ती बाबांशी एक अक्षर बोलत नसे. काही सांगायचं असेल तर बाबांच्या समोरच उभी राहून मला म्हणायची, "त्यांना सांग, नळाचं पाणी आज येणार नाही." बाबा ऐकत असायचे, तरी मी सांगायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी भाऊबहीण असेच बोलतात.

मी नववीत असताना आईने मला कारण सांगितलं. आत्या वीस वर्षांची असताना ग्वाल्हेरच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कॉलेजात तिची निवड झाली होती. होस्टेलही मिळालं होतं. तसं पत्र घरी आलं, ते बाबांच्या हाती पडलं, आणि त्यांनी ते लपवून ठेवलं. आजी अंथरुणाला खिळलेली होती, बाबांचं लग्न ठरत होतं, घरात कुणीतरी हवं होतं. आत्या रोज पोस्टमनची वाट पाहत होती आणि बाबा रोज तिला म्हणत होते, "अगं, येईल." दोन वर्षांनी रेशनकार्ड शोधताना तिला ते पत्र बाबांच्या ट्रंकेत सापडलं. ती भांडली नाही, रडली नाही. पत्र घेऊन वर गेली आणि त्या दिवसापासून तिचं बाबांशी बोलणं बंद झालं.

हे ऐकल्यावर मला तिच्या पुस्तकांचं कोडं उलगडलं. आणि माझंही. दहाव्या वर्षापासून ती माझ्या हातात एकेक पुस्तक देत होती. शाळेतून आले की विचारायची, "कुठवर आलीस? त्या मुलीने अर्ज भरला का?" तिने मला गोष्टी सांगता सांगता हट्टी केलं. मीही त्या पुस्तकांवर जीव टाकला होता. पुढच्या रविवारी काय वाचायचं याचाच विचार माझ्या डोक्यात असायचा. आता मात्र मनात एक खडा टोचू लागला. ही मला वाढवतेय, की भावावर उगारायला काठी तासतेय?

बारावीनंतर मला पुण्याला आर्किटेक्चरला जायचं होतं. बाबा म्हणाले, "इथेच बी.ए. कर ना, दिक्कत काय आहे?" आत्याने मला वर बोलावून अर्ज भरायला बसवलं. पत्त्याच्या रकान्यात मी घराचा पत्ता लिहायला लागले, तर तिने माझं मनगट धरलं. "माझ्या शाळेचा लिही." प्रवेशाचं पत्र आलं ते तिच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही पोहे खायला बसलो होतो. आत्या खाली आली, बाबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"हे पत्र काल दुपारी आलं. आज सकाळी दाखवतेय. पत्र असं पोचवतात."

बाबांचा घास हातात राहिला. आई उठून गॅसपाशी गेली, तिथे काही काम नसताना. बाबांनी पत्र वाचलं, परत घडी घातली, परत उघडलं. मग मला म्हणाले, "पेन दे." त्यांनी पत्रासोबतच्या फॉर्मवर पालकांच्या जागी सही केली. आत्याने रकान्यावर बोट ठेवलं. "तारीखही टाका." त्यांनी तारीख टाकली. ती उठून वर गेली आणि पुन्हा गप्प झाली.

पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. पुण्याला निघताना ती मला म्हणाली, "निकालाची कॉपी दर वर्षी त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी नको." मी पाठवत गेले. बाबांना ते पाकीट चार लोकांसमोर उघडावं लागायचं, अभिनंदनं घ्यावी लागायची, सगळ्यांना पेढे द्यावे लागायचे. "मुलीला इतकं पुढे पाठवलंत, मोठं मन लागतं," असं त्यांचे साहेब म्हणाले, हे आईने फोनवर सांगितलं. आत्या त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती म्हणे. खरं सांगते, ते पाकीट डकवताना मलाही गोड वाटायचं.

पुढे आई गेली. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. मी पुण्यात नोकरीत अडकलेली. खाली बाबा एकटे, वर आत्या. एका दिवाळीत घरी गेले तर दुपारी चार वाजता आत्या पुस्तक घेऊन खाली आली, बाबांच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसली, आणि काही न बोलता खुणेच्या पानापासून मोठ्याने वाचायला लागली. तासाभराने पुस्तक मिटून वर गेली. हे वर्षभर रोज चाललं होतं. पुस्तकं तीच, तिची. मुलगी शिकायला निघते, घरचे आडवे येतात, मुलगी जिंकते. एक संपलं की दुसरं. ज्याला पान दिसत नाही त्याला उठूनही जाता येत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

बाबा मला म्हणाले, "तिला सांग, एखादं शिकारीचं वाच म्हणावं." आत्या तिथेच होती. "त्यांना सांग, माझ्याकडे शिकारीचं नाही."

पण झालं काय, बाबा त्यात गुंतले. साडेतीनपासूनच "किती वाजले?" विचारू लागले. एका गोष्टीत मुलीचा बाप तिची पुस्तकं विहिरीत टाकतो. बाबा उसळून म्हणाले, "हा बाप गाढव आहे." आत्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, विहिरीचं ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचलं, आणि पुढे गेली. मग अंधारात चाचपडावं तसा त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मालू, माझं चुकलं. तुझं आयुष्य मी खाल्लं." आत्याने पान उलटलं. पुढचा परिच्छेद वाचला. आवाज जराही हलला नाही.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "माफ कर ना आता." ती भाजी चिरत होती.

"त्यांना चहा देते. डोळ्यांत औषध घालते. रोज तासभर वाचते. माफीपण मीच द्यायची का?"

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. तिने त्यांना माफ केलं नाही. दुपारी चार वाजता ती खाली यायची ते मात्र सुटलं नाही. त्या खुर्चीवर बसून आता ती मनातल्या मनात वाचायची.

आत्या जाऊन दीड वर्ष झालं. आमची शेवटची भेट नानाखेड्याच्या बसस्टँडवर झाली. मी इंदूरची बस धरून पुढे पुण्याला निघाले होते. "चल माझ्याबरोबर राहायला," असं मी तिला दहाव्यांदा विचारलं आणि तिने दहाव्यांदा नाही म्हटलं. मग इतकी वर्षं टोचणारा तो खडा मी बाहेर काढला.

"आत्या, खरं सांग. मला तू शिकवलंस ते माझ्यासाठी, की बाबांचा बदला म्हणून?"

"बदला म्हणून," ती लगेच म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. मी बॅग उचलली. तिने ती माझ्या हातातून काढून पुन्हा बाकावर ठेवली.

"ऐकून तर जा. तू आठवीत होतीस, टायफॉइड झाला होता तुला. ताप उतरेना. मी अस्पतालात तुझ्या खाटेजवळ बसले होते. पहिलं मनात काय आलं माहितीये? ही गेली तर माझा बदला राहून जाईल. असं आलं, खोटं कशाला बोलू. मग सकाळी तू पाणी मागितलंस आणि तुला पेला धरवेना. तेव्हा म्हटलं, देवा, जाऊ दे तो बदला, मी सोडला. पोरगी तेवढी राहू दे."

बसवाला इंदूर, इंदूर ओरडत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तू बरी झालीस," आत्या म्हणाली. "म्हटलं, आता दोन्ही ठेवू."