गाय नसलेली दलदल

जिच्या कृपेने मुक्याला वाणी लाभते आणि वाणीला विवेक लाभतो, त्या शारदेला आणि आमच्या गावच्या व्यंकटेशाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की उद्या चातुर्मास लागतो, आणि दर वर्षी या सुमारास कोणी ना कोणी माझ्या मुलीला विचारतो, तुझ्या वडिलांना देवळातल्या पुराणाच्या गादीवरून का उतरवले होते. ती सांगून सांगून थकली. काल म्हणाली, "बाबा, तुम्हीच एकदा स्पष्ट लिहा." तेव्हा स्पष्ट लिहितो. मला उतरवले, हे खरे. ज्या कारणासाठी उतरवले, त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

कारण एक खेळ होता. त्यातही खेळातली एक जागा.

आमचे गाव नांदेडच्या सीमेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या मुधोळपासून फार दूर नाही. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि चातुर्मासात व्यंकटेशाच्या सभामंडपात बसून पुराण सांगत असे. ती गादी आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांकडून माझ्याकडे आलेली. नव्वदीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझा पुतण्या, जो हैदराबादेस इंजिनिअरिंग शिकत होता, सुटीत घरी आला आणि वसतिगृहातून एका विलायती खेळाचे नियम घेऊन आला. या खेळाला पट नव्हता, हारजीतही नव्हती. एकाने सूत्रधार व्हायचे आणि एक कल्पित प्रदेश शब्दांनी उभा करायचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर, आणि त्या प्रदेशातून वाट काढायची. मी काय करतो, हे प्रत्येकाने बोलून सांगायचे. ते साधले की फसले, हे फाशांवर ठरायचे. पात्र मरू शकत असे, आणि मेले की ते मेले.

मला हा खेळ प्रथमदर्शनीच आवडला. नाट्यशास्त्र शिकलेल्या माणसाला सूत्रधार या शब्दाचे नवल कसले? नवल एवढेच वाटले की पुतण्याने आरंभीच बर्फाचे डोंगर आणि दगडी किल्ले मांडले. त्याच्यासमोर बसलेल्यांपैकी एकानेही बर्फ पाहिले नव्हते, आणि त्याने स्वतःनेही नाही. मी म्हणालो, जे पायाला ठाऊक नाही त्याची भीती मनाला कशी वाटेल? तो हसून म्हणाला, "मग काका, तुम्हीच एखादी जागा रचा. पण धोक्याची पाहिजे हं. तुमच्या पुराणातल्यासारखं शेवटी सगळं गोड नको."

मी दलदल रचायला घेतली.

प्राचीन वैद्यांनी भूमीचे जांगल, अनूप आणि साधारण असे भेद केले आहेत. अनूप म्हणजे पाणथळ, जिथे वारा जड, झाडी दाट आणि ज्वर कायमचा. एवढे शास्त्र मला पाठ होते. उरलेले मी आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला जाऊन पाहिले. पाणी ओसरले की तिथली काळी माती वरून वाळते, तिला भेगाही पडतात, आणि खाली मात्र ती ओल्या पिठासारखी मऊ असते. पाणकणसे वाऱ्यावर हलतात, बेशरमीची जांभळी फुले दिसतात, आणि सगळे कसे शांत, निरुपद्रवी वाटते. मला तोच धोका हवा होता, जो आरडाओरडा करीत नाही.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने ओसरीवर रांगोळीने तो प्रदेश मांडला. जिथे पाणकणसे दाट, तिथे गाळ खोल. जिथे जळवा नाहीत, तिथले पाणी विषारी. संध्याकाळी दिसणारा दिवा हा चकवा, त्याच्यामागे गेलेला माणूस फिरून त्याच जागी येतो. मध्यभागी साती आसरांचा डोह ठेवला, आणि तो ठेवण्याआधी तलावाच्या काठी जाऊन त्या जलदेवतांना हळदकुंकू वाहून, हात जोडून विचारले. खेळ असला म्हणून काय झाले, कोणाचे घर मांडायचे तर त्याला विचारावे. बगळे मात्र मी बुद्ध्याच ठेवले. बगळा एका पायावर निश्चिंत उभा असतो. ज्याला वाटेल की तिथे पाय टेकतो, त्याने आपले वजन बगळ्याशी ताडून पाहावे.

आणि एक नियम केला. जो कमरेपर्यंत रुतला, त्याला काठावरून दोरी टाकून काढता येणार नाही. दुसऱ्या कोणी स्वतः गाळात उतरले, तरच तो निघण्याची शक्यता. उतरणाराही बुडू शकेल. फाशांऐवजी आम्ही घरच्या सारीपाटाच्या कवड्या घेतल्या, कारण पुतण्याचे बहुमुखी फासे त्याच्या मित्राकडेच राहिले होते.

खेळायला पुतण्या, मुलगी आणि शाळेतले तेलुगूचे मास्तर बसत. मास्तर मोठे विनोदी. मला आदराने पंतुलुगारू, म्हणजे गुरुजी, म्हणत आणि त्याच आदराने माझी टर उडवीत. त्यांनी योद्ध्याचे पात्र घेतले होते. पहिल्याच दुपारी त्यांनी बगळ्याच्या दिशेने पाऊल टाकले आणि कमरेपर्यंत रुतले. पुतण्या नि मुलगी काठावर विचार करीत राहिली. जाऊ की नको, माझे पात्र गेले तर काय, असे त्यांचे हिशोब चालले, आणि तेवढ्यात मास्तर छातीपर्यंत गेले. तेव्हा ते मला म्हणाले, "पंतुलुगारू, मला गाय पाहिजे. माझ्या योद्ध्यानं मागंच गोदान केलेलं आहे. शेपूट धरून मी निघतो."

ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. मरणानंतर जीवाला वैतरणी नावाची भयंकर नदी ओलांडावी लागते, आणि ज्याने गोदान केले त्याला ती गाय आपल्या शेपटीच्या आधाराने पार नेते, असे मृताच्या घरी वाचल्या जाणाऱ्या पुराणात सांगितले आहे. ते वाचन आमच्या पंचक्रोशीत मीच करीत असे. मास्तरांनी ते अनेकदा ऐकले होते.

मी म्हणालो, "या दलदलीत गाय नाही."

"असं कसं? तुमच्याच दलदलीत नाही?"

"नाही."

योद्धा बुडाला. मास्तरांनी तो पराभव गावभर वाजवून सांगितला. हॉटेलात चहा पिताना, बसची वाट पाहताना, ज्याला त्याला ते गंभीर चेहऱ्याने सांगत की मी मेलो, आणि गुरुजींच्या वैतरणीत गायच नाही. त्यांनी थट्टा केली होती. परंतु थट्टा दोन आळ्या ओलांडून गेली की तिचे वस्त्र गळून पडते. आठवड्याभरात गावात बोलणे असे झाले की गुरुजींनी घरात वैतरणी मांडली आहे, आणि गोदानाने काही होत नाही असे ते आता म्हणतात.

देवळाचे उपाध्ये माझेच विद्यार्थी. ते घाबरून घरी आले. एका घरात वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते आणि गोदानाचे ठरलेले होते. तिथल्या मुलांनी उपाध्यांना विचारले होते की आता ते करायचे की नाही. मी त्याच दिवशी त्या घरी गेलो, आणि करावे, श्रद्धेने करावे, असे सांगून आलो. उपाध्यांची भीती खरी होती व तिला उत्तर देणे माझे कर्तव्य होते. पण एवढ्याने गावाचे समाधान झाले नाही.

मग एक म्हातारी आली. तिच्या यजमानांच्या वेळी मीच वाचन केले होते. ओसरीवर रांगोळीची दलदल तशीच होती. ती काठाशी बसली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "महाराज, म्या गाय देल्ली होती ना. दुभती गाय होती. मंग थे गेली कुठी?"

तेवढ्या एका क्षणी मी डगमगलो. हिच्यासाठी रांगोळीत एक गाय रेखून द्यावी, असे वाटले. नंतर मी तिला जे खरे ते सांगितले. तुमच्या घरी जे वाचले ते मी मानून वाचले, आजही मानतो. तुमची गाय तुमच्या धन्याजवळ आहे. ही दलदल देवाने केलेली नाही, ही मी केली आहे, खेळायला. खेळणाऱ्यांच्या हाती मी तुमच्या गायीचे शेपूट देणार नाही.

 "मंग लोकायले सांगा ना तसं," ती म्हणाली, आणि उठून गेली.

सांगण्याची संधी लवकरच आली. आषाढ जवळ आला होता. संध्याकाळच्या आरतीनंतर देवस्थानच्या पटेलांनी मला मंडपात थांबवून घेतले. पटेल म्हणजे गावचे प्रमुख आणि देवळाचे विश्वस्त. माणूस उद्धट नव्हता. त्यांनी मला गादीशेजारी बसवले, पान पुढे केले आणि चारचौघांसमक्ष म्हणाले, "गुरुजी, लोक म्हणून राह्यले का तुमचा गायीवरचा इश्वास उडाला."

मी म्हणालो, वडिलांच्या अंतकाळी गायीचे शेपूट त्यांच्या हातात मी माझ्या हाताने दिले. माझा विश्वास कोणाच्या बोलण्याने येत नाही आणि जात नाही.

"हेच तं. मंग टाकून द्या ना एक गाय तुमच्या त्या खेळात. लोकायचं तोंड बंद होते. एका गायीनं तुमचं काय बिघडते?"

"दलदल बिघडते."

काही जण हसले. पटेलही हसले, पण मान हलवून.

मी हसत नव्हतो. मी त्यांना शांतपणे सांगितले की जिथे सुटकेचे शेपूट आधीपासून खुंट्याला बांधून ठेवले आहे, ती दलदल नव्हे, ती शेतात जायची पाणंद. माझ्या ओसरीवर सगळे काठावर उभे राहिले आणि एक माणूस बुडाला. त्या दिवशी गाय असती, तर कोणालाच कळले नसते की आपण काठावर उभे होतो. आणि दुसरे, याहून मोठे. ज्या गोष्टीपुढे मी डोके टेकवतो, ती कवड्यांच्या दानात सोय म्हणून वापरायला मी देणार नाही. गाय मी वगळली ती अनादराने नव्हे. तुम्ही घालायला सांगता आहात, तोच तिचा अनादर आहे.

पटेलांनी पानाचा देठ खुडला. "तुमचं बोलणं बारीक आहे, गुरुजी. लोकायले बारीक कळत नाई. मी साधं विचारतो. गाय टाकता का नाई?"

"नाही."

"मंग यंदा पुराण दुसऱ्यानं सांगू द्या."

उपाध्ये खाली पाहत होते. आजोबांची गादी माझ्या हाताच्या अंतरावर अंथरलेली होती. तिच्यावरचे जुने रेशीम विरले होते आणि आईने त्याला ठिगळ लावले होते. दोन अक्षरांत ती मला परत मिळाली असती. लोक म्हणतात, गुरुजींनी हट्ट केला. हो, केला. देवाच्या दारात देवाविषयी खोटे नाटक करण्याचा हुकूम कोणी दिला, तर तो मोडणे हीसुद्धा उपासना आहे, असे मी तेव्हा मानले. मी गादीला नमस्कार केला, व्यंकटेशाला साष्टांग घातला, चपला घातल्या आणि घरी आलो. पत्नीने चेहरा पाहूनच ओळखले. "गेली?" म्हणाली. मी हो म्हणालो. "जेवायला बसा," ती म्हणाली, आणि वरणावर नेहमीपेक्षा जास्त तूप वाढले.

एकादशीला नांदेडकडचे एक पुराणिक आले. देवळाच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. आवाज चांगला होता, आणि उच्चारही शुद्ध होते. मला राग आला नाही. माझ्या ओसरीवर मी पाट मांडला, पोथी सोडली आणि माझा अध्याय वाचला. ऐकायला पत्नी, मुलगी आणि तेलुगूचे मास्तर होते. मास्तर त्या दिवसांत फार खजील असत. मी त्यांना एकदाच सांगितले की तुम्ही थट्टा केली, ती मलाही आवडली होती.

वाचन संपल्यावर मुलीने रांगोळी घेतली आणि दलदल पुन्हा मांडली. मास्तरांनी आता वैद्याचे पात्र घेतले होते. तासाभरात वैद्यही रुतला. मास्तरांनी गाय मागितली नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. कर्ण्यातून आरती सुरू झाली होती, आणि मी कवड्या हातात धरून, काठावरच्या मुलीकडे पाहत थांबलो.

"मी उतरते," ती म्हणाली.

मी कवड्या टाकल्या. दान वाईट पडले. दोघेही बुडाले. मुलगी हसली, मास्तर हसले, आणि बुडालेली ती दोघे चहा मागू लागली. मला मात्र असे वाटले की त्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर पुराण सांगून झाले.

गादी मला पुन्हा कोणी देऊ केली नाही, आणि मी मागितली नाही. पुतण्या परदेशी गेला. मास्तर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. त्यानंतरच्या किती उन्हाळ्यांत किती जणांनी माझ्या दलदलीत पात्रे बुडवली, याची मोजदाद नाही. तिच्यात पुढे साप आले, एक बुडालेले देऊळ आले, पुराच्या रात्री जागा बदलणारी वाटही आली. गाय आली नाही. मी आहे तोवर येणारही नाही.

वाचकहो, तुमच्या घरी सांजवात वेळेवर लागो. तुमची जनावरे धडधाकट राहोत आणि तुमची लेकरे दीर्घायुषी होवोत. तुमच्या देवघरात जो देव बसला असेल, तो तुम्हाला त्याच्यापुढे वाकण्याची नम्रता देवो, आणि त्याच्या नावाने कोणी तुम्हाला वाकवू पाहील तेव्हा ताठ उभे राहण्याचे बळही देवो.