एका गाठीची बाटली

नवापूरची जनीबाय गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी संशयच आला. एकदा तिने स्वतःच अंथरूण धरल्याची आवई उठवली होती. आपण नसताना पाहणीचे साहेब तपासणीसाठी खाडीचं पाणी कधी भरून नेतात, ते तिला बघायचं होतं. साहेब ऐन भरतीला आले आणि पालथ्या होडीमागून ही उठली! "आता दर्याचं पानी नेता व्हय? ओहटीला या, मंग कळल वास." या वेळी मात्र निरोप खरा होता...

ऐंशीच्या दशकात मी तिथे शाळामास्तर होतो. वरच्या एका कारखान्याचं पाणी खाडीत उतरू लागलं, मासळीला रॉकेलसारखा वास मारू लागला आणि जनीबायची टोपली बोईसरच्या बाजारातून भरलेलीच परत येऊ लागली. बायकांना जमवून तिने आपलं आपण पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. ओहोटीच्या बाटलीला जाळ्याच्या दोऱ्याची एक गाठ, भरतीच्या बाटलीला दोन. तिला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर विश्वास नव्हता. बाटल्या पालघरच्या कचेरीत पोचवायचं काम माझं. रिकाम्या बाटल्यासुद्धा ती परत मागून घ्यायची.

एकदा शाळा सुटल्यावर निघालो आणि एसटीच्या थांब्यावरच ओहोटीची बाटली माझ्या हातून फुटली. गाडी यायची वेळ झाली होती आणि खाडी तोवर भरतीने तुडुंब भरली होती. मी तेच पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं आणि वर एक गाठ मारली. कचेरीचा कागद आला, पाणी चांगलं. कारखान्याविरुद्धची तक्रार बारगळली. "कचेरीतच कुणीतरी बदललं असणार," मी म्हणालो. तिने परत आलेली बाटली फिरवून पाहिली. "असल, मास्तर." त्यानंतर दर खेपेला ती बाटली मांडीवर घेऊन माझ्या शेजारी एसटीत बसायची. तिचा संशय कचेरीवर आहे, असं मी स्वतःला पटवलं. नव्याने तक्रार करून कारखान्याचं पाणी बंद व्हायला आणखी दोन पावसाळे गेले. तोवर तिच्या मुलाने होडी विकली होती.

परवा तिच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा सुनेने फळीवरून एक रिकामी बाटली काढून दिली. "आय बोलायची, ही मास्तरांची हाय. ते आले का द्या, पन कोनाला सांगू नका."

गाठ पाहिली आणि लाजेने मान वर होईना. जन्मभर जाळी सांधलेल्या बाईला ती पहिल्याच नजरेत कळली असणार... बुटाच्या नाडीसारखी, मास्तरांची गाठ. साऱ्या जगावर संशय घेणारी जनीबाय माझ्यावर संशय घेत नव्हती. तिला माहीत होतं.

बाटली आता माझ्या टेबलावर असते. दोऱ्याचं एक टोक ओढलं तरी गाठ सुटेल. मी अजून ओढलेलं नाही.